नागरिकत्व, परमिट आणि एक तारीख

(घाटकोपर येथे तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



फळ्यावर आजचा विषय लिहिलाय, ‘नागरिकत्वाचे बदलते नियम’. हा विषय निघाला की आपल्या वस्त्यांत दोन प्रकारची माणसं भेटतात. एक घाबरून जातात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं सगळं खरं मानतात. दुसरे म्हणतात, ‘आपल्याला काय करायचंय? आपण इथलेच.’ मला दोघांशीही बोलायचं आहे. त्यासाठी मी आधी तुम्हाला माझ्या आजीच्या दोन भावांची गोष्ट सांगतो. दोघंही इथलेच होते. त्यांच्या आयुष्यात जे झालं ते एका तारखेमुळे झालं. ती तारीख म्हणजे १९ जुलै १९४८.

आजीचं माहेर रत्नागिरी जिल्ह्यातलं, खाडीकाठचं. घरातले पुरुष जहाजावर नाहीतर बंदरात कामाला. त्या काळी कोकणातल्या माणसाला कराची म्हणजे परमुलूख वाटत नसे. सिंध प्रांत १ एप्रिल १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. मुंबई-कराची आगबोट होती. कराचीतल्या एका जुन्या सरकारी शाळेला नारायण जगन्नाथ वैद्य या शिक्षणाधिकाऱ्याचं नाव आजही आहे. नोकरीसाठी मुंबईला जावं तसं माणूस कराचीला जायचा. मोठे मामू डिसेंबर १९४७ मध्ये असेच गेले. बंदरात ओळखीच्या माणसाने काम लावून दिलं होतं. बायको आणि दोन मुलं गावीच होती. फाळणी होऊन चार महिने झाले होते, पण बोटीचं तिकीट काढलं की जाता येत होतं आणि परतही येता येत होतं. ना पासपोर्ट, ना व्हिसा.

आपण हे विसरून गेलो आहोत. १५ ऑगस्ट १९४७ ला फाळणी झाली, पण ये-जा त्या दिवशी बंद झाली नाही. ती बंद झाली ११ महिन्यांनी. १९ जुलै १९४८ ला भारत सरकारने पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी वटहुकूम काढला आणि परमिट सुरू केलं. काही महिन्यांत पाकिस्ताननेही आपल्या बाजूने तसंच केलं. पूर्व पाकिस्तानची सीमा मात्र ऑक्टोबर १९५२ मध्ये पासपोर्ट येईपर्यंत बरीचशी मोकळी होती.

परमिटमागचं कारणही समजून घ्या, एकतर्फी बोलू नका. तिकडून लाखो हिंदू-शीख निर्वासित आले होते. त्यांना छप्पर हवं होतं. इकडून गेलेले काही मुसलमान आपल्या घरी परत येऊ लागले, तेव्हा त्या घरांत निर्वासित राहत होते. सरकारपुढचा पेच खरा होता. इथून काही स्टेशनं पुढे मुलुंड कॉलनी आहे. सिंधमधून आलेल्या कुटुंबांची ती वसाहत. त्यांच्या आजी-आजोबांनीही कराचीची बोट पकडली होती, फक्त उलट्या दिशेने. त्यांना इथे आसरा मिळाला ते योग्यच झालं. आज मी जे बोलणार आहे ते त्यांच्याविरुद्ध नाही. उलट, त्यांची गोष्ट आणि मामूंची गोष्ट एकाच कायद्यात लिहिलेली आहे.

आता तो कायदा पाहू. संविधान २६ जानेवारी १९५० ला अंमलात आलं हे सगळ्यांना माहीत असतं. पण नागरिकत्वाची ५ ते ९ ही कलमं त्याआधीच, २६ नोव्हेंबर १९४९ पासून लागू झाली होती. कलम ६ पाकिस्तानातून भारतात आलेल्यांविषयी आहे. स्वतः, आई-बाप किंवा आजी-आजोबा यांपैकी कुणी अखंड हिंदुस्थानात जन्मलेलं असावं, ही पहिली अट. नंतर दोन रांगा. जो १९ जुलै १९४८ च्या आधी आला आणि इथेच राहिला, तो नागरिक. त्याला अर्ज करायची गरज नाही. जो त्या तारखेला किंवा नंतर आला, त्याने अर्ज करून नोंदणी करून घ्यायची. अर्जाच्या आधी सहा महिने तो भारतात राहिलेला हवा, आणि अर्ज संविधान अंमलात येण्यापूर्वी केलेला हवा. या कलमात धर्माचा उल्लेख नाही. १८ जुलैला आलेला सिंधी आणि २० जुलैला आलेला सिंधी यांच्यातही या तारखेने फरक केला.

कलम ७ उलट्या प्रवासाचं. १ मार्च १९४७ नंतर जो पाकिस्तानात स्थलांतर करून गेला, तो नागरिक मानला जाणार नाही. अपवाद एकच. कायमचं परतण्यासाठी किंवा पुनर्वसनासाठी दिलेलं परमिट घेऊन जो परत आला, त्याला दार उघडं. मात्र तो १९ जुलै १९४८ नंतर आला असं धरायचं, म्हणजे त्यालाही सहा महिने राहून अर्ज करणं आलं.

मोठ्या मामूंनी कराचीत कायमच्या परतीच्या परमिटसाठी अर्ज केला होता. चकरा मारण्यात महिने गेले. परमिट मिळालं आणि ते ऑक्टोबर १९४९ मध्ये मुंबईला उतरले. आता बोटांवर मोजा. २६ जानेवारी १९५० च्या आत अर्ज हवा, आणि अर्जाआधी सहा महिने वास्तव्य हवं. म्हणजे माणूस जुलै १९४९ च्या शेवटच्या आठवड्यापर्यंत तरी परतलेला हवा. मामूंना तीन महिने उशीर झाला होता. हातात भारत सरकारचंच परमिट, त्यावर लिहिलेलं की हा माणूस कायमचा परत येत आहे. गावात घर, बायको, मुलं. तरीही संविधान अंमलात आलं त्या सकाळी ते नागरिक नव्हते. परमिट हातात पडायला उशीर झाला होता, आणि त्या उशिराचा हिशेब त्यांच्या नावावर लागला.

संविधान सभेला या अडचणीची कल्पना नव्हती असं समजू नका. ऑगस्ट १९४९ मध्ये तीन दिवस या कलमांवर चर्चा झाली. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं की मसुदा समितीला या कलमाने जेवढा ताप दिला तेवढा एखाद्याच दुसऱ्या कलमाने दिला असेल. परमिट घेऊन परतणाऱ्यांना नागरिकत्व देण्याच्या तरतुदीवर काही सदस्यांनी कडक टीका केली. नेहरू आणि गोपालस्वामी अय्यंगार यांनी तिचा बचाव केला.

याच चर्चेत आपल्या अमरावतीचे पंजाबराव देशमुख यांनी एक दुरुस्ती मांडली. हिंदू किंवा शीख धर्माची आणि दुसऱ्या कुठल्या देशाची नागरिक नसलेली व्यक्ती, ती कुठेही राहत असली तरी, भारताच्या नागरिकत्वाला पात्र असावी, असा तिचा आशय होता. शेतकरी आणि बहुजनांच्या शिक्षणासाठी पंजाबरावांनी केलेलं काम मोठं आहे, त्याबद्दल आदर ठेवूनच हे सांगतो. ती दुरुस्ती सभेने स्वीकारली नाही. फाळणीचं रक्त अजून सुकलं नव्हतं, सभेत बसलेल्या अनेकांची घरंदारं गेली होती, आणि तरीही त्या लोकांनी नागरिकत्वाच्या कलमात धर्म लिहिला नाही. त्यांनी तारीख लिहिली, वास्तव्य लिहिलं, परमिट लिहिलं. तारखेने मामूंवर अन्याय झाला, हे खरं. पण तारखेने झालेला अन्याय पुढच्या कायद्याने दुरुस्त करता येतो. माणसाचा जन्म ज्या धर्मात झाला ती गोष्ट त्याला अर्ज करून बदलता येत नाही.

मामूंच्या बाबतीत दुरुस्ती झालीही. पण तिला सहा वर्षं लागली. १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा मामी मत देऊन आल्या आणि मामू घरी बसले. अंधेरीला एका बेकरीत काम मिळालं होतं. मालक भला होता, पण चौकशीला कुणी आलं की मामूंना मागच्या दाराने बाहेर पाठवायचा. याच काळात सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. ‘इब्राहिम वझीर मावत विरुद्ध मुंबई राज्य’, १९५४. परमिटशिवाय आला किंवा परमिटची अट मोडली एवढ्या संशयावरून कुणालाही, अगदी भारताच्या नागरिकालाही, देशाबाहेर काढण्याचा अधिकार १९४९ च्या कायद्याने सरकारला दिला होता. न्यायालयाने बहुमताने ते कलम रद्द ठरवलं. नागरिकाला त्याच्याच देशातून असं हाकलता येत नाही, हे आपल्या राज्यातून गेलेल्या खटल्याने ठरलं. अभ्यासवर्गात हे नाव लिहून ठेवा.

मग १९५५ चा नागरिकत्व कायदा आला. मूळचा भारतीय वंशाचा माणूस सहा महिने भारतात राहिलेला असेल तर त्याला नोंदणीने नागरिक होता येईल, असं त्यात होतं. तेच सहा महिने, पण यावेळी मागे दार लावलेलं नव्हतं. मामूंनी १९५७ मध्ये नोंदणी करून घेतली. पत्र्याच्या पेटीत ते परमिट आणि नोंदणीचा कागद एकत्र ठेवलेला असायचा. लहानपणी मी तो पाहिला आहे. आम्हा मुलांना हात लावायची परवानगी नव्हती.

धाकट्या मामूंची गोष्ट वेगळी. २६ जानेवारी १९५० ला ते गावातच होते. जन्म इथला, घर इथलं. कलम ५ प्रमाणे ते पहिल्या दिवसापासून नागरिक. मोठ्या भावाचे थकलेले पैसे आणायला म्हणून १९५१ मध्ये ते कराचीला गेले. तिथे आजारी पडले, मग काम धरलं, आज निघू उद्या निघू करत राहिले. ऑक्टोबर १९५२ मध्ये दोन्ही देशांत पासपोर्ट सुरू झाला. आता परतायला कागद हवा. कुणीतरी सांगितलं, इथला पासपोर्ट काढ आणि व्हिसा घेऊन जा, घरी पोचल्यावर बघता येईल. १९५३ मध्ये ते तीन महिन्यांच्या व्हिसावर आपल्याच गावी पाहुणे म्हणून आले.

घरी पोचल्यावर काही बघता आलं नाही. १९५६ च्या नियमांत स्पष्ट लिहिलं होतं की नागरिकाने दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला, तर त्याने ते नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारल्याचा तो निर्णायक पुरावा. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम वैध ठरवला. त्याच वर्षी न्यायालयाने हेही म्हटलं की नागरिकत्व गेलं की नाही हे केंद्र सरकारने चौकशी करून ठरवायचं असतं, आणि पासपोर्ट जबरदस्तीने घ्यावा लागला असेल तर माणसाला ते मांडता आलं पाहिजे. पण धाकट्या मामूंना तोवर परत जावं लागलं होतं. ते कराचीतच वारले. आजी म्हणायची, ‘पैसे आणायला गेला आणि परका होऊन आला.’ दोन भाऊ, एकच आई, एकच घर. एकाला उशिरा मिळालेल्या परमिटने अडवलं, दुसऱ्याला चुकीच्या पासपोर्टने.

तुम्ही म्हणाल, हे सगळं जुनं झालं. तर जरा इंग्लंडकडे बघा. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला. त्याआधी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचा कायदा पोर्तुगीज नागरिकत्व घेऊ देतो. ते घेतलं की भारताचं नागरिकत्व संपतं. धाकट्या मामूंचाच नियम. तरी हजारो गोवेकरांनी ते घेतलं, कारण पोर्तुगीज पासपोर्टवर युरोपात कुठेही राहता यायचं. बरेच जण इंग्लंडमधल्या स्विंडनसारख्या गावी गेले. मग ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला आणि ३१ डिसेंबर २०२० ला ही मोकळी ये-जा संपली. आधीपासून राहणाऱ्यांनी ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करायचा होता. पुढे ब्रिटिश नागरिकत्व मागायला गेल्यावर काहींना विचारलं गेलं की पूर्वी शिकत असताना किंवा नोकरीशिवाय राहत असताना तुमचा संपूर्ण आरोग्य विमा होता का? तो लागतो हे त्यांतल्या अनेकांच्या कानावरही आलं नव्हतं. इतकंच नाही. युरोपीय आई-बापांच्या पोटी १९८३ ते २००० या काळात ब्रिटनमध्ये जन्मलेल्या काही मुलांच्या नागरिकत्वावर तर ती मोठी झाल्यावर शंका निघाली. शेवटी २०२३ मध्ये संसदेला कायदा करून सांगावं लागलं की ही मुलं नागरिकच आहेत.

कराचीचा धक्का असो की लंडनचा विमानतळ, क्रम तोच आहे. आधी ये-जा मोकळी असते, म्हणून कुणी कागद ठेवत नाही. मग एक तारीख येते. आणि त्यानंतर मोकळेपणाच्या काळातला कागद मागितला जातो. यात पैसेवाला, वकील असलेला, शिकलेला माणूस सुटतो. अडकतो तो बंदरावरचा कामगार, लग्न होऊन आलेली बाई, आईबापाविना वाढलेलं मूल.

आता आपल्याकडे या. या खोलीत बसलेल्यांच्या घरांत कायद्याच्या दृष्टीने तीन पिढ्या आहेत. २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत जो भारतात जन्मला, तो जन्माने नागरिक. आई-बाप कोण हे विचारायचं कारण नाही. १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्यासाठी आई किंवा वडील यांपैकी एक नागरिक हवा. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. म्हणजे तुमच्या वडिलांना स्वतःचा जन्म सिद्ध केला की पुरतं. तुमच्या धाकट्या बहिणीला मात्र आई-वडिलांचंही सिद्ध करावं लागू शकतं. नोंदणीसाठी जे सहा महिने होते, ते १९८६ च्या दुरुस्तीने पाच वर्षं झाले आणि २००३ च्या दुरुस्तीने सात. दार हळूहळू अरुंद होत गेलं, आणि ते वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांनी केलं.

२०१९ च्या दुरुस्तीने मात्र १९४९ मध्ये जे नाकारलं होतं ते कायद्यात आणलं. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान इथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन लोकांना बेकायदा स्थलांतरित मानायचं नाही, आणि त्यांच्यासाठी वास्तव्याची अट ११ वर्षांवरून पाचवर आणायची. ११ मार्च २०२४ ला त्याचे नियम आले. छळामुळे पळून आलेल्या कुणालाही आसरा मिळावा, याला आपला विरोध नाही, असता कामा नये. आपलं म्हणणं एवढंच की कसोटी सर्वांना एक असावी. ही मागणी आपण मुसलमान म्हणून करत नाही. संविधान सभेने ज्या कारणाने पंजाबरावांची दुरुस्ती नाकारली, त्याच कारणाने करतो.

मागणी करताना घरातलं कामही करायचं आहे. आधार कार्ड म्हणजे नागरिकत्व, हा गैरसमज पहिल्यांदा डोक्यातून काढा. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असं आधारच्या कायद्यातच लिहिलेलं आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखल्याचं महत्त्व फारच वाढलं आहे. शाळा, मतदारयादी, पासपोर्ट, सगळीकडे जन्मतारीख आणि जन्मस्थळ यांसाठी तोच चालणार. मूल झालं की महापालिकेच्या वॉर्डात नोंद झाली का, नाव बरोबर लिहिलं का, हे त्याच महिन्यात पाहा. घाटकोपरचा एन वॉर्ड, मुलुंडचा टी, अंधेरीचे के पूर्व आणि के पश्चिम, बोरिवलीचा आर मध्य. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही.

घरातल्या बायकांचे कागद आधी बघा. आईचं माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं. एका कागदावर बी, दुसऱ्यावर बानो, तिसऱ्यावर खातून. तिच्या गावच्या शाळेचा दाखला, तिच्या वडिलांचा सातबारा किंवा जुन्या मतदारयादीतलं नाव, निकाहनामा, हे सगळं एका पिशवीत असलं पाहिजे. नसेल तर आता, शांतपणे, सरळ मार्गाने मिळवा. एजंटने आणून दिलेला खोटा दाखला हा धाकट्या मामूंच्या पासपोर्टसारखा असतो. आज काम होतं आणि पुढे तोच तुमच्याविरुद्ध पुरावा ठरतो.

आणि हे काम फक्त आपल्या गल्लीपुरतं करू नका. घाटकोपरच्या डोंगरावरच्या झोपड्यांत मराठवाड्यातून आलेले मातंग आहेत, बौद्ध आहेत, पारधी आहेत. त्यांच्याकडे तुमच्यापेक्षा कमी कागद असतील. त्यांच्या दारात बसून अर्ज भरून द्या. मुलुंडच्या सिंधी आजीला विचारा, तुम्ही बोटीतून कोणत्या महिन्यात उतरलात? तिला तारीख पाठ असेल, बघा. माझ्या आजीलाही होती.

पुढच्या रविवारी आपण पुन्हा इथेच बसू. प्रत्येकाने येताना घरातल्या सर्वांत वयस्क बाईच्या कागदांची यादी करून आणायची. कागद आणू नका, यादी आणा. काय आहे आणि काय नाही, दोन रकाने. तिथून सुरुवात करू.